बुरुलकान एजेचा वाटा

आमच्या डोंगरातल्या कोक-साय गावात बुरुलकान एजेला सगळे घाबरतात. का घाबरतात ते मात्र कोणी बाहेरच्याला सांगत नाही, लाज वाटते. रस्त्यात भेटलं की बाकीची माणसं विचारतात, मेंढरं बरी आहेत का, मुलं बरी आहेत का. एजे विचारते, "लघवीला जळजळ होते का?" भर रस्त्यात, दुकानासमोर. एकदा तर तिनं मशिदीतून बाहेर पडणाऱ्या आमच्या सासऱ्यांना गाठलं होतं. सासरे त्यानंतर तीन दिवस अंगणाबाहेर पडले नव्हते.

ती डॉक्टर नाही. नारीन शहरातल्या वैद्यकीय शाळेत शिकून चाळीस वर्षांपूर्वी ती इथं आली आणि गावाच्या टोकाला दोन खोल्यांचा दवाखाना आहे त्यात बसली, ती बसलीच. डॉक्टरपेक्षा खालची म्हणे. आमच्याकडे वरचं कोणी राहायला तयार नसतं, त्यामुळे तीच वरची आणि तीच खालची. साऱ्या गावाची ती थोरली बहीण, म्हणून एजे. उंचीनं माझ्या खांद्याला लागते. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगी दूर राजधानीत असते. तिच्या चामडी पिशवीत सुया, गोळ्या आणि मेयोनेजच्या रिकाम्या बरण्या असतात. गावात कोणाच्याही घरात मेयोनेज संपलं की बरणी एजेकडे पोचवायची, असा नियमच आहे. ती त्या उकळते, पुसते, कागदात गुंडाळून ठेवते. त्या कशासाठी हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तरी बरणी देताना बायका इकडंतिकडं बघून घेतात. मीही बघायची.

आज मी तिच्याविषयी सांगायला बसले आहे, त्याला कारण माझी धाकटी जाऊ आयसालकीन आणि चौदा गोळ्या. त्या चौदांतल्या दोन मी खाल्ल्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझं तोंड कुठं लपवायचं हा प्रश्न उरणार नाही.

आयसालकीन ऑक्टोबरात आमच्या घरी सून होऊन आली. एकोणीस वर्षांची. डिसेंबरात तिचा नवरा रशियात बांधकामावर निघून गेला आणि पोर आमच्यात राहिली, पोटात गर्भ घेऊन. आता नव्या सुनेचं काम काय, तर समोवारजवळ, म्हणजे चहाच्या बंबाजवळ, बसायचं आणि चहा ओतायचा. आमच्यात वाटी अर्धीच भरतात. पूर्ण भरली तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. म्हणून अर्धी ओतायची, परत घ्यायची, परत अर्धी ओतायची. थोरली माणसं बसलेली आहेत तोवर सुनेनं उठायचं नाही. संडास अंगणाच्या खालच्या टोकाला, पुरुषांच्या खिडकीसमोरून जावं लागतं, आणि बाहेर बर्फ. आयसालकीननं यावर तोड काढली. तिनं पाणी पिणंच सोडून दिलं. पहाटे एकदा जायची आणि रात्री सगळे आडवे झाले की एकदा. मी तिला काही बोलले नाही, कारण मीही सात वर्षं हेच केलं होतं आणि मला वाटत होतं की सून होणं म्हणजे हेच.

सासूबाईंचं नाव मी घेणार नाही. आमच्यात सून घेत नाही. बाई कडक, पण मनानं वाईट नाही. गावात कुठंही मेंढी कापली की हाड कोणापुढं कुठलं ठेवायचं हे विचारायला तिच्याकडे माणूस येतो. कमरेचं कोणाला, नळीचं कोणाला, वय, नातं, मान, सगळं तिच्या बोटांवर. यात चूक झाली तर आमच्याकडे वीस-वीस वर्षं माणसं एकमेकांशी बोलत नाहीत.

फेब्रुवारीत आयसालकीनला जळजळ सुरू झाली. चहा ओतताना तिचा चेहरा आवळला जायचा. सासूबाईंनी निदान केलं, "थंड दगडावर बसली असणार." आणि तिच्या कमरेला कुत्र्याच्या लोकरीचा पट्टा बांधला. दोन दिवसांनी एजे अशीच आली, दुसऱ्याच कामाला. आयसालकीननं तिला वाटी दिली. एजेनं वाटीकडे बघितलंच नाही, पोरीच्या ओठांकडे बघितलं. ते सुकून फुटले होते.

"तू दिवसातून चहा किती पितेस गं?"

"मी ओतते, एजे," आयसालकीन म्हणाली.

"ओततेस ते दिसतंय. पितेस किती?"

एजेनं पिशवीतून बरणी काढली. पुढचं सगळं मागच्या खोलीत झालं. एजेनं बरणीत एक कागदाची पट्टी बुडवली, पट्टीचा रंग बदलला, आणि बाहेर येऊन तिनं सासूबाईंना सांगितलं, "आपा, पट्टा राहू द्या, ऊब वाईट नाही. पण जंतूला थंडी वाजत नाही." चौथ्या दिवशी नारीनहून चौदा गोळ्या आल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, सात दिवस. आणि भरपूर पाणी. "सुरू केलं की संपवायचं," एजे म्हणाली. हे वाक्य ती प्रत्येक घरात म्हणते, त्यामुळे कोणी ऐकत नाही.

तीन दिवसांत जळजळ थांबली. सहा गोळ्या पोटात गेल्या होत्या, आठ उरल्या.

आता बाहेरच्याला हे वेडेपणाचं वाटेल, पण शहरातून आलेली वस्तू आमच्याकडे एकट्यानं खायची नसते. एक सफरचंद आलं तरी त्याच्या आठ फोडी होतात. मेजवानीहून येणारा प्रत्येक जण घरच्यांसाठी पिशवीत मांस बांधून आणतो, आणि वास शेजारी गेला की शेजारच्या दारी वाटी जाते. जो एकटा खातो तो एकटाच मरतो, असं सासूबाई म्हणतात. पोर बरी झाली, औषध नामी निघालं, मग ते झाकून ठेवणं म्हणजे काय? सासऱ्यांच्या पाठीला दोन. सासूबाईंच्या गुडघ्यांना दोन. शेजारच्या झूराला दोन, कारण ती नेमकी त्या वेळी टपकली आणि तिचं काही ना काही दुखतच असतं. आयसालकीननंच दोन्ही हातांनी, मान खाली घालून वाटल्या. उरलेल्या दोन तिनं माझ्यापुढं धरल्या. मला ऑगस्टपासून जळत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी त्या घेतल्या आणि एकदमच गिळल्या.

मार्चच्या मध्यावर, सकाळी पीठ मळताना आयसालकीन थरथरायला लागली. थंडी वाजते तशी नाही. दातावर दात आपटत होते, परात हलत होती. दुपारपर्यंत अंग तापून तवा झालं, उलट्या सुरू झाल्या, आणि उजव्या कुशीला हात लावला तरी ती किंचाळायची. पाचवा महिना. सासूबाईंनी मेंढी कापून ताजं कातडं तिच्या कमरेला गुंडाळलं. मी दवाखान्याकडे धावले.

एजे आली, कातडं बाजूला केलं, पाठीवर बरगड्यांच्या खाली मुठीनं हलकेच ठोकलं. पोर ओरडली. एजेचा चेहरा मी कधी पडलेला बघितला नव्हता. त्या दिवशी बघितला.

"मूत्रपिंडाला पोचलंय," ती म्हणाली. "गोळ्या किती खाल्ल्यास?"

आयसालकीननं माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. सासूबाई फुशारकीनं म्हणाल्या, "सगळ्यांनी खाल्ल्या. मी वाटायला लावल्या."

मला वाटलं, आता ही बाई घर डोक्यावर घेणार. एजे दोन क्षण डोळे मिटून बसली, मग उठून तिनं तालुक्याच्या डॉक्टरला फोन लावला. खिंडीत आदल्या रात्री बर्फाचा कडा कोसळला होता, रस्ता दोन-तीन दिवस तरी उघडणार नव्हता. डॉक्टर म्हणाला, तुमच्याकडे आहे ते इंजेक्शन सुरू करा. एजेनं सुई भरली. आणि भरलेली सुई ताटलीत ठेवून म्हणाली, "बरणी."

"कसली बरणी?" सासूबाई म्हणाल्या.

"लघवी पाहिजे. सुईच्या आधी."

"पोरीचा जीव चाललाय आणि तुला मूत सुचतंय?"

"आपा, सुई आत गेली की जंतू दबून बसतील. मग प्रयोगशाळेला ते कोण आहेत कळणार नाही. माझ्याकडे एकच औषध आहे. ते लागू पडलं नाही तर दुसरं कुठलं द्यायचं, हे मी कोणाला विचारू? तुम्हाला?"

"दगड आहेस तू! बाई नाहीस, दगड!"

"असेन. तुम्ही भांडताय तेवढा वेळ जातोय. झिपार, तिला धर."

झिपार म्हणजे मी. आम्ही दोघींनी तिला काखेत धरून उभं केलं. ती ग्लानीत होती. एजे तिच्या कानात म्हणत होती, "पहिली धार सोडून दे, माझं लेकरू. मधली दे. बस. झालं." मग तिनं बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि तेव्हा कुठं सुई टोचली. हे सगळं चार-पाच मिनिटांत झालं असेल. सासूबाई तोवर भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत होत्या.

"ही नारीनला कोण नेणार?" एजेनं विचारलं.

"मी," मी म्हणाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

एजेनं बरणी कागदात, कागद जाड लोकरी नमद्याच्या पिशवीत घातला आणि पिशवीत चहूबाजूंनी बर्फ ठासून भरला. "हे गरम होऊ द्यायचं नाही. गरम झालं तर वाटेतच जंतूंची जत्रा भरेल." मी आणि आमचे हे घोड्यांवर निघालो. कोसळलेल्या कड्यावरून घोडे हातानं ओढत नेले. आमचे हे दोनदा कमरेपर्यंत रुतले आणि दोन्ही वेळा मी आधी पिशवी बघितली, मग त्यांच्याकडे. पलीकडे अडकलेली एक प्रवासी गाडी परत फिरत होती. हे घोडे घेऊन माघारी फिरले, मी गाडीत बसले.

"काय वहिनी, पिशवीत कुमीस का?" ड्रायव्हर म्हणाला. "मार्चात घोडीचं दूध कुठून मिळवलंत? एक घोट द्या की."

"देईन, पण मग वाटभर रडायचं नाही."

त्यानं वास घेतला नाही, पण माझ्या चेहऱ्याकडे बघून गाडी मात्र जोरात हाकली.

प्रयोगशाळेत नासिकात नावाची जाड चष्म्याची बाई होती. पिशवी बघूनच म्हणाली, "कोक-साय ना? बर्फातली बरणी फक्त तुमच्या गावाहून येते." तिनं तारेच्या वेढ्यानं थेंब उचलला, काचेच्या चपट्या ताटलीत पसरला आणि ताटली उबदार कपाटात ठेवली. "उद्या उगवेल. परवा सांगेन." मी बहिणीकडे राहिले. राहिले म्हणजे काय, अंथरुणाला पाठ लावली इतकंच. दुसऱ्या दिवशी गावी फोन केला. ताप उतरलेला नव्हता. इंजेक्शनं चालू होती आणि ताप हटत नव्हता.

"पोटातलं हलतंय का?" मी विचारलं.

"सकाळी हललं," एजे म्हणाली. "तू तिथून हलू नकोस."

त्या दिवशी मी प्रयोगशाळेच्या बाकावर बसून होते तेव्हा नासिकातनं मला चहा दिला, आणि जे आमच्या गावात कोणाला माहीत नाही ते सांगितलं. बुरुलकान एजेला एक थोरली बहीण होती. हिवाळी कुरणावर, सहाव्या महिन्यात तिला हाच ताप आला. तिलाही कातड्यात गुंडाळलं. मग कोणीतरी घोड्यावरून पेनिसिलिनच्या कुप्या आणल्या, तीन दिवस सुया दिल्या, ताप उतरला. घरात आनंदीआनंद. उरलेल्या कुप्या शेजारच्या तळांवर वाटल्या, कोणाच्या घशाला, कोणाच्या घोडीच्या खुराला. बारा दिवसांनी ताप परत आला आणि बहीण गेली.

"आणि कुप्या कोणी पोचवल्या माहीत आहे?" नासिकात म्हणाली. "बुरुलकाननं. अकरा वर्षांची होती. आईनं सांगितलं, हिनं दारोदार पोचवल्या. मला एकदाच बोलली होती, मी इथं नवी होते तेव्हा. परत कधी नाही."

माझ्या हातातला चहा गार झाला. मला आठवलं, गोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा एजेनं डोळे मिटले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नासिकातनं मला आत बोलावलं. "ये, बघून घे. तीन दिवस बसलीस, तेवढा हक्क आहे तुझा."

ताटलीभर जंतू उगवले होते. पांढुरका, दाट, एकसारखा थर. कुरणावर गवत माजतं तसा. आयसालकीनच्या पोटात जे चाललं होतं ते असं माझ्या हाताच्या अंतरावर, काचेखाली होतं. त्या थरावर तिनं कागदाच्या सहा बारक्या टिकल्या ठेवल्या होत्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. एका टिकलीला गवत अगदी खेटून उगवलं होतं.

"हे तुमच्या एजेकडचं," नासिकात म्हणाली. "अ‍ॅम्पिसिलिन. याला ते जुमानत नाहीत. आणि ही बघ."

त्या टिकलीभोवती स्वच्छ, मोकळा गोल होता. शरदात कुरणावरून आपला गोल तंबू उचलला की गवतात गोल राहतो, अगदी तसा. त्या गोलात एकही जंतू नव्हता. काठापर्यंत येऊन सगळे थांबले होते. कागदाचा कपटा, डोळ्यात गेला तर दिसू नये एवढा, आणि त्याच्या भोवती मरण आखून ठेवल्यासारखं उभं होतं, त्यांचं मरण आणि आमच्या पोरीचं जगणं. मला रडूही आलं आणि भीतीही वाटली. नमाजानंतर फिरवतात तसे माझे हात आपोआप चेहऱ्यावरून फिरले. आणि मग लक्षात आलं की बुरुलकान एजेनं हे कधी डोळ्यांनी बघितलेलं नसताना, चाळीस वर्षं, बरण्या उकळून, लोकांचे टोमणे खाऊन, या गोलावर विश्वास ठेवला आहे. आम्ही तिला दगड म्हणालो होतो.

मी फोनवर नाव वाचून दाखवलं. सेफ्ट्रायक्झोन.

"गोल केवढा?" एजेनं विचारलं.

"अठ्ठावीस मिलिमीटर म्हणतायत."

मग एजे म्हणाली, "कुप्या घे आणि पळ."

मी पळाले. कड्यावरून आता पायवाट पडली होती, अलीकडे आमचे हे घोडे घेऊन उभे होते. दिवस मावळायच्या आत पहिली सुई गेली. एजे त्या पोरीच्या उशाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी आयसालकीनला दरदरून घाम फुटला, अंथरूण भिजलं, आणि तिनं डोळे उघडून विचारलं, "चहा कोण ओततंय?" आमच्या घरातला प्रत्येक जण हसला आणि प्रत्येकाचे डोळे भरले. एजे कान लावून बाळाचे ठोके मोजत होती. हात वर करून तिनं सगळ्यांना गप्प केलं, आणि मग मान हलवली. आहे.

त्याच संध्याकाळी रस्ता उघडला, डॉक्टर आला, आयसालकीनला चार दिवस तालुक्याला ठेवलं, आणि ती परत आली ती दहा गोळ्या घेऊन. आणखी पाच दिवस. ती घरात बरी, हसती बसलेली. पाकीट दस्तरखानावर, जेवायला पसरलेल्या कापडावर, पावाशेजारी. दारात झूरा उभी, तिची पाठ दुखत होती. सासूबाईंची नजर पाकिटावर गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात एजे आत आली. बोलावलेलं नव्हतं. बूट काढून ती सरळ सासूबाईंसमोर बसली.

"आपा, एक विचारू? कमरेचं हाड कोणाचं?"

सासूबाई चकित झाल्या. "हे काय विचारणं? घरातल्या सगळ्यात मोठ्याचं."

"ते झूरानं उचललं तर?"

"हात मोडीन तिचा."

"मी काय केलं?" झूरा दारातून म्हणाली.

"तू गप बस," दोघी एकदम म्हणाल्या.

"आणि पाहुणा अजून पोचलाच नसेल तर?" एजेनं विचारलं. "वाटेत असेल, लांबून येत असेल?"

"त्याचं हाड झाकून ठेवायचं. तो येईपर्यंत. घरात कोणी उपाशी मेलं तरी हात लावायचा नाही. बुरुलकान, तुला म्हातारचळ लागला का? एवढंही ठाऊक नाही?"

एजेनं पाकीट उचललं. आयसालकीनच्या पोटावर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पाकीट सासूबाईंपुढं ठेवलं. "पाहुणा वाटेत आहे, आपा. जुलैत पोचेल. हे त्याचं हाड."

सासूबाई त्या पाकिटाकडे बघत राहिल्या, मग पोरीच्या पोटाकडे. मला वाटतं त्या मनातल्या मनात मागच्या आठ गोळ्या कोणाकोणाच्या तोंडात गेल्या ते आठवत होत्या. शेवटी त्यांनी पांढरा फडका घेतला, पाकीट त्यात गुंडाळलं आणि पेटीच्या वर, कुराणाच्या खालच्या फळीवर ठेवलं. त्यानंतर पाच दिवस, दोन्ही वेळा, त्यांनी स्वतःच्या हातानं गोळी दिली आणि पोरीनं ती गिळून पूर्ण वाटीभर पाणी पिईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. आणि तिसऱ्या दिवशी, पाच पाहुणे चहा पीत बसलेले असताना, मोठ्यानं म्हणाल्या, "आयसालकीन, ऊठ. जाऊन ये बाहेर. चहा झिपार ओतेल." पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. सासूबाईंनी पाहुण्यांकडे बघितलं. मग पाहुण्यांनी वाट्यांकडे बघितलं.

पण त्या पाहुण्याच्या हाडाच्या दिवशी एजे निघाली तेव्हा मी फाटकापर्यंत तिच्यामागं गेले. माझ्याच्यानं राहवेना.

"एजे, त्या आठांतल्या दोन मी खाल्ल्या होत्या. माझ्यामुळं झालं का हे?"

"अर्धवट मारलेला लांडगा सापळा ओळखायला शिकतो," ती म्हणाली. "कोणाच्या काठीनं तो अर्धवट राहिला, हे तो सांगत नाही. मीही विचारत नाही."

ती कोणाविषयी बोलत होती हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे हे तिला माहीत नव्हतं. तिनं पिशवीत हात घातला आणि कागदात गुंडाळलेली बरणी माझ्या हातात ठेवली.

"उद्या सकाळी. पहिली धार सोडून."

"मला? मला कुठं काय..."

"ऑगस्टपासून तू गोठ्यामागं दिवसातून किती वेळा जातेस, ते माझ्या खिडकीतून दिसतं. तू आपण होऊन कधी बोलतेस, याची वाट बघत होते. तुम्ही बायका जीव द्याल, पण बोलणार नाही."

मी फाटकाला धरून रडले. सात वर्षांत त्या घरात मला कोणी विचारलं नव्हतं, आणि ही बाई आठ महिने खिडकीतून माझी पावलं मोजत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरणी दोन्ही हातांत धरून, न झाकता, भर रस्त्यानं दवाखान्यात नेली. दुकानासमोर चार माणसं उभी होती. बघू देत म्हटलं. माझ्या गोळ्या मी शेवटच्यापर्यंत खाल्ल्या. झूरा मागायला आली होती. तिलाही मी बरणीच दिली.

जुलैत मुलगी झाली. सव्वातीन किलो, आवाज आजीसारखा. ऑगस्टमध्ये पाळण्याची मेजवानी झाली, चाळीस माणसं अंगणात. सासूबाईंनी हाडं लावली. कमरेचं हाड सासऱ्यांचं, पन्नास वर्षांत त्यात कधी बदल झाला नव्हता. सासूबाईंनी ते उचललं, सासऱ्यांच्या पुढून नेलं आणि बुरुलकान एजेपुढं ठेवलं. सासरे दाढीवरून हात फिरवत आभाळाकडे बघू लागले.

एजेनं नेहमीसारखा एक तुकडा तोडून खाल्ला आणि खिशातून पिशवी काढली. ती कधीच आपला वाटा बसून खात नाही, बांधून नेते आणि वाटेत कुठल्या तरी म्हातारीला देते. हेही सगळ्यांना माहीत आहे.

"पिशवी ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"आपा, मी एकटी एवढं कुठं..."

"सुरू केलंस ना? संपवायचं. इथं, माझ्या डोळ्यांसमोर. वाटायचं नाही."

एजेनं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवी खिशात घातली आणि सुरीनं मांस सोडवून खाऊ लागली. बराच वेळ लागला. चाळीस माणसं थांबली होती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, हनुवटीवर चरबी लागली होती, आणि ती खात होती. हाड साफ झालं तेव्हा तिनं ते ताटात ठेवलं.

"झालं, आपा."

सासूबाईंनी हाड उचलून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. मग आयसालकीनच्या हातातून चहाची किटली घेतली आणि एजेची वाटी स्वतःच्या हातानं भरली, अर्धी.